बेचाळीस वळणांचा ड्रायव्हर

डेपोच्या हजेरीपटावर त्याचं रीतसर नाव होतं, पण ते हजेरी घेणाऱ्या कारकुनालाही चटकन आठवायचं नाही. सगळे त्याला सावकाश म्हणत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक घाईतला प्रवासी मागून ओरडला होता, "अहो ड्रायव्हर, जरा दाबा की!" त्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "सावकाश जाऊ, पण जाऊ." सगळी बस हसली, आणि नाव चिकटलं ते कायमचं.

शहरातून निघालेली जुनी सडक डोंगर चढायची आणि पलीकडे तलावाकाठच्या गावात उतरायची. छत्तीस किलोमीटर अंतर, त्यात बेचाळीस वळणं. सावकाशनं या सडकेवर सव्वीस वर्षं बस चालवली. सकाळी एक खेप, दुपारी एक. प्रत्येक वळणाचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का होता. कोणत्या वळणावर माती ओली असते, कुठे सकाळी धुकं बसून राहतं, कुठे समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, याची त्याला खडान्‌खडा माहिती होती.

त्याच्या गाडीवर सोळा वर्षं एकच कंडक्टर होती. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. घंटीची दोरी अशी ओढायची की आंधळ्यालाही कळावं, गाडी कंडक्टरबाईंची आहे. कामाव्यतिरिक्त दोघांत फारसं बोलणं नव्हतं. तो पुढे बघायचा, ती मागचं सांभाळायची.

एकदाच जिवावर बेतलं. माथा ओलांडून बस तलावाकडे उतरत होती. पंचविसाव्या वळणाच्या अलीकडे त्यानं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. गाडीत एक्केचाळीस माणसं. सत्ताविसाव्या वळणानंतर डोंगराच्या बाजूची दरड भुसभुशीत आहे हे त्याला माहीत होतं. गिअर खाली आणत, हॉर्न वाजवत त्यानं तीन वळणं काढली आणि गाडीची कूस त्या मातीत घासत नेली. आरसा गेला, चार काचा गेल्या, एका म्हातारीची अंड्यांची टोपली गेली. गाडी थांबली. पहिला आवाज आला तो कंडक्टरबाईंचा: "कुणी उठायचं नाही. मी माणसं मोजते." तिनं दोनदा मोजली. एक्केचाळीस भरली, तेव्हा कुठे ती मटकन खाली बसली.

पुढे डोंगराच्या दुसऱ्या अंगानं बोगद्यातून जाणारा रुंद रस्ता झाला. बस तिकडे वळली. जुन्या सडकेवर कुणी फिरकेना. चार महिन्यांत सावकाशही निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभाला सगळा डेपो लोटला होता. कंडक्टरबाई तेवढ्या आल्या नाहीत. त्या दोन वर्षं आधीच निवृत्त झाल्या होत्या आणि शहरातच लेकीकडे राहत होत्या. तो कुणाला काही बोलला नाही, पण मनात सल राहिला. सोळा वर्षं एका गाडीत काढली आणि बाईंना दोन तास काढता आले नाहीत!

घरी बसून त्याचा वेळ जाईना. बायको बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश आणि घरांचे पडदे. एका सकाळी त्यानं तिची सगळी रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवली. तिला दिवसभर एक रीळ सापडेना.

"अहो, तुम्ही रिटायर झालात, मी नाही," ती म्हणाली. "मला माझ्या पसाऱ्यात सगळं सापडतं. जा, कुठेतरी फिरून या."

"कुठे जाऊ?"

"सव्वीस वर्षं रोज जात होतात की कुठेतरी!"

रस्ता सोडून त्याला कुठे जायचं माहीतच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दारात एक तरुण मुलगी आली. पायात चिखलाचे बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. रस्तेखात्यात इंजिनिअर होती. जुनी सडक सायकलवाले, मोटरसायकलवाले आणि सहलीच्या गाड्यांसाठी निसर्गमार्ग म्हणून खुली करायचं ठरलं होतं. कुठे थांबे करायचे, कुठे पाट्या लावायच्या, हे तिला ठरवायचं होतं.

"काका, डेपोत विचारलं तर सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं. तुमच्याइतका तो रस्ता कुणालाच माहीत नाही म्हणाले."

सावकाश खुशीत येऊन शर्ट बदलायला आत गेला. बायकोनं मशीनवरून मान वर करून त्या मुलीला हळूच सांगितलं, "दिवसभर ठेवून घ्या बरं का. घाई नाही."

मुलगी गाडी चालवत होती आणि तो शेजारी बसला होता. पहिल्या वळणापासून त्याचा पट्टा सुरू झाला. "इथे गिअर खाली घ्या, मॅडम. इथे बाहेरची कड पकडू नका, खचते. इथे हॉर्न." तिनं तासभर निमूटपणे ऐकलं. अठराव्या वळणावर मात्र तिनं गाडी कडेला घेतली.

"काका, हे सगळं मी लिहून घेते. पण लोक इथे बघायला येणार आहेत. सांगा ना, या रस्त्यावर बघण्यासारखं काय काय आहे?"

सावकाश काय सांगणार? सव्वीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर डांबर होतं, डांबराची कड होती आणि पुढचं वळण होतं. त्यापलीकडे काय आहे ते त्यानं बघितलंच नव्हतं. नजर हलवायची सोयच नव्हती. मागे माणसं बसलेली असायची.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "ते कंडक्टरबाईंना विचारायला हवं. त्या बाहेर बघायच्या."

"मग चला त्यांच्याकडे."

आता आली का पंचाईत! ज्या बाईवर दीड वर्षं रुसून बसलो, तिच्याच दारात जायचं. पण मुलगी थांबणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एका जुन्या इमारतीचे तीन मजले चढून गेले. जिना अरुंद, कठडा हलणारा, पायऱ्या उंच. सावकाशला धाप लागली.

कंडक्टरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, बाजूला काठी. त्याला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"या ड्रायव्हरसाहेब! किती उशीर केलात! मला वाटलं, आता तुम्ही येतच नाही."

"तुम्ही समारंभाला आला नाहीत," त्याच्या तोंडून निघून गेलं. लहान पोरानं तक्रार करावी तसं.

"मी स्वतःच्या पायांनी खाली उतरून दोन वर्षं झाली, साहेब. दवाखान्यात नेतात ते खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. त्या दिवशी माझी तयारी झाली होती. नवीन चप्पल काढून ठेवली होती. ऐनवेळी उचलणारे आलेच नाहीत. डेपोत निरोप दिला होता मी. पोचला नाही का?"

निरोप पोचला नव्हता. सावकाश समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसला. कुणाचा राग आपण कुणावर काढत बसलो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं, बाई. यायला हवं होतं मी. आधीच."

"आता आलात ना? काम काय ते सांगा."

काम ऐकल्यावर बाई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाल्या. तोंडी सांगणार नाही म्हणाल्या. जागेवर नेलंत तर दाखवीन. इंजिनिअर मुलीनं खालच्या दुकानांतून चार माणसं गोळा केली. सावकाश पुढे होऊन प्रत्येक पायरी सांगत होता, "सावकाश, डाव्या हाताला कठडा, सावकाश!" आणि खुर्चीतून बाई हसत होत्या. "बघा, घाट उतरवताहेत मला!"

गाडीत बाई पुढे बसल्या, सावकाश मागे. मागच्या सीटवर बसून ही सडक चढायची त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. हातांचं काय करावं कळेना. पुढच्या सीटची पाठ धरून तो बसला.

नवव्या वळणाच्या आधी बाईंनी हात वर केला. "हळू. आता उजवीकडे. दोन खडकांच्या फटीत."

फटीत धबधबा होता. बारीक, पांढरा, उंच. गाडी पुढे सरकली तसा खडकाआड गेला.

"हा इथे कायम आहे?" सावकाशनं विचारलं.

"सोळा वर्षं तरी होता. बसमधून तीन सेकंद दिसायचा. एक लहान मुलगी होती, तिला घाटात उलट्या व्हायच्या. लांब बघ म्हणजे मळमळणार नाही, म्हणून मी तिला हा दाखवला. मग सगळीच मुलं विचारायला लागली, आता काय येणार? मग मोठीही विचारायला लागली."

सावकाशला आठवलं, त्या जागी गाडीत नेहमी गलका व्हायचा. त्याला वाटायचं, बाई मुलांना खेळवताहेत.

अठराव्या वळणावर बाईंनी गाडी थांबवायला लावली. दार उघडून तो खाली उतरला. खाली अख्खी दरी पसरली होती. पिवळ्या-हिरव्या शेतांचे तुकडे, त्यांतून वळत जाणारी नदी, नदीवर बगळे. ढगाची सावली एका टेकडीवरून दुसरीवर चालली होती. याच जागी त्यानं हजारो वेळा गिअर बदलला होता.

तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, मी आंधळा होतो की काय?"

"काहीतरीच बोलू नका," बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या. बसमध्ये फुकट्या प्रवाशाशी बोलायच्या तसा आवाज. "तुम्ही रस्त्यावरची नजर हलवली नाहीत, म्हणून मला बाहेर बघता आलं. मलाच नाही, सगळ्या गाडीला. दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर मी मुठी आवळून बसायची. ब्रेक गेले त्या दिवशी घरी जाऊन मी लेकीला जवळ घेतलं आणि तुमच्या नावानं हात जोडले. तुम्हाला कधी सांगितलं नाही. कामावर असलं कुठे बोलतो आपण?"

इंजिनिअर मुलगी पाठ फिरवून नकाशात काहीतरी लिहीत बसली. बराच वेळ लिहीत होती, पण कागदावर फार काही उमटलं नसावं.

अशा चार फेऱ्या झाल्या. बाई सांगायच्या, काय बघायचं. सावकाश सांगायचा, गाडी कुठे उभी करायची. कारण जिथून दरी दिसते तिथेच थांबलं तर मागून येणारा येऊन आदळणार. त्यावरून दोघांचे खटके उडायचे. बाई म्हणायच्या, "इथूनच दिसतं!" तो म्हणायचा, "दिसू दे. थांबायचं पुढे, वळण संपल्यावर. चालत मागे यायचं."

मुलीचे साहेब म्हणाले, पाट्यांवर नुसती निसर्गाची माहिती हवी, धोक्याचं लिहिलं तर लोक घाबरतील. मुलीनं साहेबांना एकदा सावकाशशेजारी बसवून घाटातून फिरवून आणलं. प्रत्येक वळणाचा धोका ऐकून परत आल्यावर साहेब घामाघूम होते. दोन्ही प्रकारचा मजकूर मंजूर झाला. त्यामुळे त्या मार्गावरच्या पाट्या जरा वेगळ्या आहेत. 'पुढे उजवीकडे दोन खडकांच्या फटीत धबधबा आहे. थांबायची जागा वळणानंतर.' 'सायकलवाल्यांनो, माथ्यापर्यंत आता चढच आहे, पाणी इथे भरून घ्या.' 'सकाळी दहापर्यंत इथे ऊन पोचत नाही. रस्ता ओला असतो, वळताना मोटरसायकल आडवी टाकू नका.' 'चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. त्याला परत जोर धरणं अवघड असतं.'

मार्ग सुरू झाला आणि लोक येऊ लागले. कंडक्टरबाईंच्या लेकीनं खटपट करून तळमजल्यावर घर घेतलं, आणि बाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रियाही झाली. सावकाशची बायको मात्र अजून त्या रस्त्यावर गेली नव्हती. संसाराची इतकी वर्षं नवरा जिथे रोज जात होता, ते तिनं बघितलंच नव्हतं. बसच्या वेळेला ती नेहमी मशीनवर असायची. मग तलावाकाठच्या एका लॉजनं तिच्याकडून लाल पडदे शिवून घेतले, आणि ते पोचवायच्या निमित्तानं एका रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून निघाले. चालवत होती ती. "मी खूप चालवलं, आता मला बघू दे," असं म्हणून तो पडद्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसला.

माथ्यावर वीस-पंचवीस सायकलवाले दम खात बसले होते. त्यांना हात करून दोघं उतरू लागले. पुढे धुकं होतं. तेहेतिसावं वळण संपलं आणि बायकोनं करकचून ब्रेक दाबला. दरडीतून सुटलेले दगड रस्ताभर पसरले होते. काही डोक्याएवढे, काही त्याहून मोठे.

सायकलवाले आता उतरायला लागले असतील. उतारावर त्यांचा वेग काय असतो ते त्यानं बघितलं होतं, आणि हे वळण आंधळं होतं.

"तू कडेनं चालत खाली जा. दोन वळणं उतरून थांब आणि चढून येणाऱ्यांना अडव," तो म्हणाला.

"आणि तुम्ही?"

तो गाठोडं सोडत वर पळत सुटला होता. त्या वयात, त्या चढावर! बत्तिसाव्या वळणाच्याही वर जाऊन त्यानं एक पडदा दोन्ही हातांनी पसरून धरला आणि जिवाच्या आकांतानं ओरडायला लागला, "थांबा! थांबा! सावकाश!"

धुक्यातून पहिला सायकलवाला आला तो वाऱ्यासारखा. लाल कापड दिसताच त्यानं ब्रेक लावले. मागचे एकामागून एक थांबले. एकजण पडला, कोपर खरचटलं, तेवढंच. त्यांच्यामागून मोटरसायकलवर एक जोडपं आलं, मग एक गाडी. सगळे थांबले. सगळे पायी खाली आले आणि त्यांनी दगड बघितले.

सायकलवाल्यांची म्होरकी एक पांढऱ्या केसांची बाई होती, दातांची डॉक्टर. तिनं सावकाशचे दोन्ही हात हातात घेतले. तिचे हात गार पडले होते. "सगळ्यात पुढे माझा मुलगा होता," एवढंच ती म्हणाली.

"मला दम घेऊ द्या हो," सावकाश म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेला बसला.

मग सगळ्यांनी रांग केली आणि दगड हातोहात बाजूला सारले. खालून बायकोनं अडवलेले मोटरसायकलवालेही आले. अर्ध्या तासात एक गाडी जाईल एवढा रस्ता मोकळा झाला. सावकाशनं इंजिनिअर मुलीला फोन लावला. बायकोनं मात्र आधी पडदा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"चिखल लागला," ती म्हणाली. "आता लॉजवाल्याला काय सांगू?" आणि मग तिचा आवाज फुटला. "पळायचं वय आहे का हे? काही झालं असतं म्हणजे?"

तलावाकाठी पोचल्यावर दोघं दगडी पायऱ्यांवर बसली. लॉजवाल्यानं हकीगत ऐकून पडदा न धुता ठेवून घेतला होता, वर चहाही पाजला होता. धुकं उठत होतं. पाण्यावर एक होडी हलत होती.

"अगं," सावकाश म्हणाला, "सव्वीस वर्षं पहाटे उठून मला डबा करून दिलास. मी कधी काही बोललो का तुला?"

"काय बोलायचं असतं त्यात?"

"नाही, पण बोललो का?"

"नाही बोललात," ती म्हणाली. थोडा वेळ पाण्याकडे बघून तिनं डोळ्याला पदर लावला. "गुरुवारी मला काम कमी असतं. गुरुवारी परत येऊ. आज त्या दगडांच्या नादात मी काहीच बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सावकाश डेपोत गेला. ब्रेक गेल्याच्या प्रसंगानंतर त्याची बस एका फिटरकडे दिली होती. पंधरा वर्षं हा फिटर रोज पहाटे बसखाली शिरून प्रत्येक नळी हातानं चाचपून बघायचा. त्यानंतर ब्रेकनं कधी दगा दिला नव्हता. फिटर अजून नोकरीत होता. दुरुस्तीच्या खड्ड्यात उभा राहून वरच्या गाडीला काहीतरी ठोकत होता.

"तुझे आभार मानायला आलोय," सावकाश खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसून म्हणाला.

ठोकणं थांबलं. ग्रीसनं माखलेलं तोंड वर आलं. "कशाबद्दल?"

"ब्रेकबद्दल."

"कुठल्या गाडीच्या?"

"माझ्या. पंधरा वर्षांच्या."

फिटरनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "तब्येत बरी आहे ना तुझी? डॉक्टरबिक्टरकडे जाऊन आलास का?"

"ठणठणीत आहे मी."

"मग काहीतरी काम असणार. स्कूटर बिघडली का?"

"काही बिघडलं नाही रे बाबा. नुसता आलोय."

फिटरचा विश्वास बसला नाही. तरी तो खड्ड्यातून वर आला, चिंधीला हात पुसले आणि पायानं एक जुना टायर त्याच्याकडे सरकवला. "बस तर खरं. नऊ वाजता चहा येतो."

सावकाश टायरवर बसला.